तुडुमाचं लाकूड

गोंदियात संग्रहालय उघडलं तेव्हा जिल्हा वेगळा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, आणि ते वेगळेपण अजून आमच्या अंगात भिनलेलं होतं. जो तो 'आपल्या जिल्ह्याचं' काहीतरी काढायच्या मागे. अशाच उत्साहात एका संस्थेनं धानाचं जुनं गोदाम रंगवून घेतलं, त्यावर एक मजला चढवला आणि 'वस्तुसंग्रहालय व कलादालन' अशी पाटी लावली. खाली वस्तू, वर चित्रं. मी शहरातल्याच एका शाळेत चित्रकला शिकवत होते. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांना उसना द्यायचा तास, हे ज्यांनी शाळा पाहिली आहे त्यांना सांगायला नको. त्यामुळे आपल्या गावात कलादालन झालं या बातमीनंच माझा जीव वरखाली झाला. चार चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन, मी पहिल्याच आठवड्यात तिथे जाऊन थडकले.

संचालक निवृत्त प्राध्यापक होते, फार सभ्य. त्यांनी चष्मा वरखाली करत चित्रं पाहिली. म्हणाले, "मॅडम, तस्वीरें तो लगा देंगे, दीवार खाली पडी है. लेकिन नीचे का हॉल देखिए. चार मूर्ती, दस सिक्के और नागरा के मंदिर के फोटो. आप तो देहात की हैं ना? कुछ असली चीज लाइए गाँव से."

बस, एवढंच. त्यांनी अट घातली नव्हती. एक लावतो, तुम्ही दुसरं आणा, असं काही ते बोलले नाहीत. सौदा मीच माझ्या मनात केला. हे आज लिहिताना सुद्धा मला त्यांच्यावर थोडं ढकलून द्यावंसं वाटतं, म्हणून आधीच सांगून टाकते.

असली चीज कुठे आहे हे मला ठाऊक होतं. आमचं गाव कोहमाऱ्यापासून आत, जंगलाच्या कडेला. आमची माणसं मुळातली तलाव बांधणारी. कुणी पूर्वजांच्या तलवारी सांगतात, आमच्याकडे पूर्वजांनी तलावाला किती लांब मातीची पाळ घातली ते सांगतात. गावच्या तलावाची पाळ अशीच जुनी, आणि त्या पाळीच्या पोटात दगडी तुडूम. तुडूम म्हणजे तलावातून पाणी बाहेर सोडायचं तोंड. त्या तोंडात एक लाकूड बसवलेलं असे. पुरुषभर उंचीचा दांडा, आणि खालच्या टोकाला ताशीव, गोल, लोट्याएवढं डोकं. ते डोकं भोकात बसलं की थेंब बाहेर येत नसे, चार बोटं उचललं की पाट वाहू लागे. ते उचलायचा आणि बसवायचा अधिकार गावात एकट्या पाणकराचा. बाकी कुणी हात लावायचा नाही, सरपंचानं सुद्धा. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आज पाणी जाईल, कुणाच्या परवा, हे पाणकर ठरवणार आणि गाव ऐकणार.

आमचे पाणकर माझे मोठे बाबा होते, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हापासून माझ्या शाळेचं, कॉलेजचं, लग्नाचं त्यांनीच पाहिलं. त्यांच्या आधी त्यांचे वडील पाणकर, त्याआधी आजे. लाकूड आज्यांनी केलेलं, बिज्याच्या झाडाचं. पाण्यात राहून राहून ते काळं आणि लोखंडासारखं टणक झालं होतं.

पुढे सरकारी योजनेतून तुडुमाच्या शेजारीच चाक फिरवायचं लोखंडी दार बसलं. जुनं तोंड दगडमातीनं बुजवलं. लाकूड मोठ्या बाबांच्या गोठ्यात आडव्या वाशांवर जाऊन पडलं. दसऱ्याला हत्यारांबरोबर त्यालाही हळदकुंकू लागे, एवढाच त्याचा मान उरला होता. पाणकरी मात्र मोठ्या बाबांकडेच राहिली. लाकडाऐवजी चाक आलं इतकंच.

मी एका रविवारी गावी गेले आणि लाकूड मागितलं.

"म्युझियममंधी ठेवतेत? हे?" मोठे बाबा हसायलाच लागले. "कायले वं बाई? पाहाले कोन येईल?"

"लोकाईले दाखवाले, मोठे बाबा. आपल्या इकडच्या तलावाची गोष्ट कोनाले माहीत आहे?"

त्यांनी ते वाशांवरून खाली घेतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं. जाळं निघालं, कोळी पळाले. मग विचारलं, "परत कवा येईल?"

"तुमाले पाहिजे तवा," मी म्हणाले.

गावात वस्तू अशाच फिरतात. लग्नाच्या स्वयंपाकाचे गंज, पाहुण्यांच्या गाद्या, बैलांच्या झुली, सगळं या घरातून त्या घरात जातं आणि मागितलं की येतं. दिलं म्हणजे ठेवायला दिलं. मोठ्या बाबांनी त्या रीतीनं दिलं होतं आणि त्या रीतीनं घेतल्यासारखं मी दाखवलं. दुसऱ्या दिवशी संग्रहालयात फॉर्म भरताना 'कायमस्वरूपी देणगी' असा रकाना होता. त्यावर मी खूण केली. देणगीदाराचं नाव म्हणून माझं लिहिलं, कारण सही करायला मीच होते ना! हे मी स्वतःला पटवलं. मला त्याला फार वेळ लागला नाही.

महिन्याभरात माझं एक चित्र वरच्या दालनात लागलं. पाळीवर उभा असलेला म्हातारा, हातात तेच लाकूड, मागे तलावात कमळं. खाली हॉलमध्ये खरं लाकूड, दोरीच्या कठड्यामागे, चकचकीत व्हार्निश मारलेलं. आणि उलटं. डोकं वर, दांडा खाली, कारण तसं ते गदेसारखं दिसत होतं. मला पाहताक्षणी कळलं होतं. पण उद्घाटनाला माणसं जमली होती, खालच्या चिठ्ठीवर माझं नाव होतं, संचालक माझी ओळख 'हमारी चित्रकार' अशी करून देत होते. अशा वेळी लाकूड उलटं आहे हे कोण सांगतं?

मग दोन वर्षं गेली. संचालकांनी हिवाळ्यात माझ्या एकटीच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं कबूल केलं. मी शाळेतून आल्यावर रोज रंगवायला बसत होते. घरच्यांनी स्वयंपाकातून सूट दिली होती, म्हणजे पाहा.

त्या ऑक्टोबरात एका दुपारी शिपायानं वर्गात येऊन सांगितलं, की गावाहून कुणी आलं आहे. बाहेर मोठे बाबा उभे. धुतलेलं धोतर, खांद्यावर शबनम पिशवी, पायांवर एस्टीतली धूळ. न कळवता ते कधी येत नसत. घरी कुणाचं काय झालं, हेच मनात आलं.

"कोनी गेलं नाही," ते आधी तेच म्हणाले. "दार अडकला."

लोखंडी दाराचा आटा गंजून जाम झाला होता. चाक फिरेना. चार माणसं लटकली तर दांडाच मोडला. तलाव भरलेला, पाऊस कधीचाच गेलेला, आणि पाटाच्या शेवटच्या बांध्यांतलं उशिरा येणारं भारी धान नेमकं निसवायला आलेलं. आठ-दहा दिवसांत पाणी मिळालं नाही तर लोंब्या पोच्या राहणार. दुरुस्तीवाले दिवाळीनंतर येऊ म्हणत होते. गावानं ठरवलं, की जुनं तुडूम उकरायचं.

"उघडाले काही नाही," मोठे बाबा म्हणाले. "माती काढली का पानी सुटला. पन बंद कायनं करू? लाकूड पायजे."

"नवा नाही का होत?"

"ओल्या लाकडाचा करून उपेग नाही. फुगला का तडकते. आन् ते डोका आमच्या आज्यानं भोकात बसवू बसवू ताशला हाये. पंधरा दिवस दे, मंग आनून देतो तसाच."

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि आम्ही सायकलरिक्षानं संग्रहालयाकडे निघालो. वाटेत मला फॉर्म आठवत होता, रकाना आठवत होता. आणि प्रदर्शनाला पाच आठवडे उरले होते.

दारात मोठ्या बाबांनी चपला काढल्या. राखणदार म्हणाला, "बाबाजी, पहन के जाइए." त्यांनी ऐकलं नाही. आत मूर्ती होत्या ना. प्रत्येक मूर्तीसमोर उभे राहून त्यांनी नमस्कार केला, अगदी जिचं फक्त अर्धं धड उरलं होतं तिलाही. नाण्यांपुढून भराभरा गेले. नागऱ्याच्या देवळाचे फोटो पाहून, "इथं तर आपून गेलतो," म्हणाले. मला लहानपणी ते खांद्यावर बसवून घेऊन गेले होते.

मग ते लाकडापुढे आले.

कितीतरी वेळ पाहत राहिले. दोरीवरून वाकून त्यांनी डोक्यावर तळवा ठेवला, अंगठ्यानं कड चाचपली.

"छूना मना है, बाबाजी," राखणदार मागून.

"माझाच होय," मोठे बाबा म्हणाले, रागावून नाही, माहिती दिल्यासारखं. मग मला हळूच, "उलटा उभा केलन वं. आन् हे चकाकी कायची? खरवडा लागंल." चिठ्ठी त्यांनी वाचली. चौथीपर्यंत शिकलेले होते, अक्षर लावत लावत वाचत. माझ्या नावाशी येऊन थांबले. मग म्हणाले, "तुझा नाव चांगला लिवला हाये."

टोचून बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. टोचून बोलले असते तर बरं झालं असतं.

वर जाऊन माझं चित्रही पाहिलं. "हा मी होय का? एवढा वाकलो नाही अजून," म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. ते त्या दिवसातलं शेवटचं हसू. खाली उतरताना ते म्हणाले, "चाल, साहेबाले भेटू. मी सांगतो त्यायले. दोन पान्या दिल्या का दिवाळीच्या आंधी मीच आनून देतो, म्हनतो."

संचालकांची खोली जिन्याशेजारीच होती. दाराला अर्धा पडदा. आतून त्यांचा फोनवरचा आवाज येत होता, हिंदीत कुणाला तरी पत्ता समजावून सांगत होते. पाच पावलं. मी ती पाच पावलं टाकली असती तर काय झालं असतं? त्यांनी फॉर्म काढला असता. देणगी म्हणून दिलेली वस्तू मागे मागताय मॅडम, असं म्हटलं असतं. मोठ्या बाबांना कळलं असतं, की मी त्यांची वस्तू माझ्या नावानं कायमची देऊन बसले. प्रदर्शन गेलं असतं. हे सगळं मी जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर ठरवलं.

"साहेब नागपूरले गेले, मोठे बाबा," मी म्हणाले. "परवा येतीन."

त्याच वेळी शिपाई कपबशी घेऊन आला, पडदा बाजूला सारून आत गेला. आतून, "हाँ, रख दो यहाँ," असं आलं. पडदा परत पडायच्या आत चष्मा, टक्कल, हातातला फोन, सगळं दिसलं.

मोठ्या बाबांनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खालमानेनं पर्स उघडून त्यात काहीतरी शोधत होते. काय शोधत होते ते अजूनही सांगता येणार नाही.

"बरं," ते म्हणाले. "आले का सांगजो." आणि जाऊन चपला घातल्या.

मी त्यांना जेवून जा म्हटलं. ते थांबले नाहीत. कोहमाऱ्यावरून जाणाऱ्या गाडीत त्यांना बसवून दिलं. खिडकीतून त्यांनी हात हलवला, नेहमीसारखाच.

तिसऱ्या दिवशी शाळेत फोन आला. गावातल्या किराणा दुकानातून ते बोलत होते हे शिपायानं सांगितलं. मी म्हटलं, तास चालू आहे म्हण. तास चालू नव्हता. मी स्टाफरूममध्ये शेंगदाणे खात बसले होते. पाचव्या दिवशी परत आला, परत तेच. त्यानंतर फोन आला नाही, आणि मला खरंच हलकं वाटलं. माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो याचे दाखले लोक मोठमोठ्या गुन्ह्यांतून देतात. मला ते स्टाफरूममधल्या शेंगदाण्यांनी कळलं.

पुढचं मला दिवाळीला गावी गेल्यावर समजलं. वाट पाहून पाहून त्यांनी सुताराकडून नवं लाकूड करवलं, आणि तुडूम उकरलं. चार दिवस पाणी उत्तम चाललं, शेवटच्या बांध्यांपर्यंत पोचलं. मग बंद करायला गेले तर नवं डोकं भोकात तिरपं बसलं. ठोकलं तर उभं तडकलं. पाणी थांबेना. पोती, पेंढ्या, दगड, जे हाताला लागलं ते टाकलं. मोठे बाबा त्या वयात छातीभर पाण्यात उतरून दोन दिवस चाचपडत होते. आठव्या दिवशी कसंबसं तोंड बुजलं, तोवर पाळीखालचं लवकर पिकून कापणीला आलेलं हलकं धान पाण्यात लोळलं होतं आणि तलाव गुडघ्याइतका उरला होता. उन्हाळ्यात ढोरांना पाणी कुठलं, हा प्रश्न लोक दिवाळीतच विचारत होते.

पाडव्याला मारुतीच्या ओट्यावर गाव बसलं. बायका एका बाजूला, त्यांत मी. तीन पिढ्यांत आमच्या घरच्या पाणकराला कुणी जाब विचारला नव्हता. त्या दिवशी विचारला.

"लाकूड काऊन देल्ला तुमी भाहेर?" एक जण उभा राहून म्हणाला. त्याचं पाळीखालचं सगळं धान गेलं होतं. "गावाचा होता का तुमचा?"

"चुकी माझीच होय," मोठे बाबा म्हणाले.

"मंग मागाले काऊन नाही गेले?"

"गेलो होतो."

"मंग?"

आता सांगतील. सांगू देत, असंही वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही.

"पोरीनं लय मागतलन," ते म्हणाले. "हात जोडलन साहेबाले, माझ्या समोर. त्यायनं देल्ला नाही. कायदा हाये म्हने त्यायचा."

लोक संग्रहालयावर तुटून पडले. शहरातली माणसं, कागदवाली माणसं, त्यांना काय धानाचं. मोर्चा काढू म्हणाले. शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवर हात फिरवला, "तुनं तरी काय करावं माय," म्हणाली. तिचंही धान गेलं होतं. मी मान हलवली. होय, मी तरी काय करावं, अशी.

मोठ्या बाबांनी त्याच बैठकीत पाणकरी सोडली. कुणी मागितली नव्हती, त्यांनीच सोडली. नव्या माणसाच्या कपाळाला टिळा लावला आणि घरी येऊन खाटेवर बसले.

मी त्यांच्याजवळ गेले. "मोठे बाबा, मी मागतलंच नाही."

"माहीत हाये."

"मंग तुमी असं काऊन सांगतलं?"

"माझा काय, दोन-चार वर्साचा. तुले या गावात येत राह्याचा हाये."

मी रडले. ते उठून बैलांना वैरण टाकायला गेले.

गोंदियाला परतल्यावर पहिल्या दिवशी मी संचालकांच्या खोलीत गेले. उभ्या उभ्याच बोलले, अडखळत, फॉर्मचं, रकान्याचं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे मॅडम, इसमें पूछना क्या? काम की चीज है, ले जाइए. हम फोटो लगा देंगे." राखणदाराला हाक मारून त्यांनी दोरी सोडवली. सगळ्याला मिळून चहा गार व्हायच्या आतला वेळ लागला. प्रदर्शनाचं विचारलं तर म्हणाले, "वो तो होगा ही." ते झालंही. लोकांनी तलावाच्या चित्रांचं फार कौतुक केलं.

लाकूड मी बसच्या टपावरून गावी नेलं. मोठ्या बाबांनी ते हातात घेतलं नाही. "नव्या पानकराले नेऊन दे," एवढंच म्हणाले. मी नेऊन दिलं, आणि बातमी गावभर झाली, की मॅडमनं साहेबाशी भांडून लाकूड सोडवून आणलं. मी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. पण कुणाला नाहीही म्हटलं नाही.

त्या वर्षीच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, दंडारीचा खेळ सुरू व्हायच्या आधी, गावानं माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, माईक. शाल जुन्या पाणकराच्या हातून द्यावी असं सरपंचांना वाटलं. मोठे बाबा मंचावर चढले. शाल त्यांनी माझ्या खांद्यावर नीट पांघरली, एक टोक घसरत होतं ते सावरलं. मग खाली जाऊन पहिल्या रांगेत बसले.

"मॅडम, दोन शब्द बोला," सरपंच म्हणाले.

समोर सगळं गाव होतं. ज्यांचं धान गेलं ते होते, जाब विचारणारा होता, पाठीवर हात फिरवणारी होती. एक वाक्य पुरलं असतं. मी माईक धरला आणि आपल्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावांवर, आपल्या वारशाच्या जतनावर दहा मिनिटं बोलले. चांगलं बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाबांनीही वाजवल्या, आणि बाकीच्यांच्या थांबल्यावरही ते थोडा वेळ वाजवत राहिले.